न विचारता खेळता येईल असा लूडो: अंध आणि अल्पदृष्टी खेळाडूंसाठी पट कसा बनवायचा

घरात एखादं माणूस अंध असेल तर लूडोचा डाव बहुतेक ठिकाणी सारखाच रंगतो. तो फासा टाकतो, आकडा दुसरं कोणी सांगतं, सोंगटीही दुसरंच कोणी सरकवतं. सगळे मिळून खेळत आहेत असं वाटतं. पण आपल्या मागे चार घरांवर कोण येऊन बसलंय हे त्याला कोणी सांगितलं तरच कळतं. आणि त्याने स्वतः विचारलं, "लाल कुठे आहे?", तर त्याच्या मनात काय आहे हे लालवाल्याला लगेच समजतं. डोळस खेळाडू पटावर नुसती नजर फिरवतो, त्याचा बेत कोणाला दिसत नाही.

म्हणून खेळ सुलभ झाला की नाही हे ठरवायला मी एकच कसोटी लावतो: डोळस खेळाडूला जे न विचारता कळतं, ते अंध खेळाडूलाही न विचारता कळलं पाहिजे. पटावर ब्रेल आहे की नाही हा प्रश्न त्यानंतरचा. पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी याच कसोटीवर घासून पाहा.

उदाहरणासाठी लूडो घेतला आहे, कारण तो घरोघरी माहीत आहे आणि सुलभ करताना येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्यात आहेत. सापशिडी सोपी वाटते, पण साप आणि शिड्या एकमेकांना छेदत शंभर घरांवरून जातात आणि बोटांना त्या रेषांचा नुसता गुंता लागतो. शिवाय तिथे खेळाडूला निर्णय काही घ्यायचा नसतो. पहिला प्रयोग तिच्यावर करू नका.

आधी बुद्धिबळाचा पट हातात घ्या

काहीही कापण्याआधी अंधांचा बुद्धिबळाचा पट मिळवा आणि डोळे मिटून त्यावरून हात फिरवा. त्यात अनेक दशकांचं शहाणपण आहे. काळी घरं किंचित उंच असतात, त्यामुळे बोटाला घराचा रंग कळतो. प्रत्येक घराला मधोमध भोक असतं आणि प्रत्येक मोहऱ्याच्या बुडाला त्यात बसणारी खुंटी असते, म्हणून हात फिरवताना मोहरा पडत नाही. काळ्या मोहऱ्यांना वेगळी खूण असते, बहुधा डोक्यावर छोटं टोक.

नियमही पटाला साजेसे केलेले आहेत. डोळस खेळात मोहऱ्याला हात लागला की तोच हलवावा लागतो. अंधांच्या बुद्धिबळात मोहरा भोकातून उपसला तरच तो 'शिवला' असं धरतात. नुसता स्पर्श म्हणजे बघणं. प्रत्येक चाल मोठ्याने उच्चारायची असते, आणि पटाच्या उभ्या ओळींना ए, बी, सी न म्हणता आना, बेला, सीझर, डेव्हिड, इव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर अशी नावं आहेत, कारण बी, सी, डी, ई ही अक्षरं गोंगाटात एकसारखीच ऐकू येतात. आंतरराष्ट्रीय ब्रेल बुद्धिबळ संघटना १९५१ पासून काम करते आहे. आपल्याकडे चारुदत्त जाधव यांच्या पुढाकाराने अंधांच्या बुद्धिबळाची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. हांगझोऊच्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत २०२३ मध्ये बडोद्याच्या दर्पण इनानीने सुवर्णपदक जिंकलं. पट बोटांना नीट वाचता आला की खेळाची पातळी कुठवर जाऊ शकते, ते यातून दिसतं.

या पटातून तीन गोष्टी उचलायच्या: घराचा प्रकार बोटाला कळावा, सोंगटी हलू नये, आणि स्पर्श म्हणजे चाल नव्हे.

कोणासाठी बनवताय ते ठरवा

'अंध' या एका शब्दात बरीच वेगवेगळी माणसं येतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा (म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून जे दिसतं ते ३ मीटरवरून दिसणं, त्यापेक्षा) कमी असेल किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांहून कमी असेल तर अंधत्व, आणि ६/१८ च्या खाली पण ३/६० पर्यंत असेल तर अल्पदृष्टी. म्हणजे कायद्याने अंध ठरलेल्या माणसालाही थोडं दिसत असू शकतं, आणि ते थोडं खेळात फार उपयोगी पडतं.

नवखे लोक इथे एक गृहीत धरतात: मोठं केलं की दिसतं. ज्याच्या नजरेचा मध्यभाग गेला आहे त्याला मोठा पट नक्कीच बरा पडतो. पण रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या आजारामुळे ज्याला नळीतून पाहिल्यासारखं दिसतं, त्याच्यासमोर मोठा पट ठेवला तर एका वेळी चारच घरं नजरेत येतात. त्याला लहान आणि ठळक पट हवा. दोघांना एकच पट द्यायचा असेल तर तो मध्यम आकाराचा आणि जवळ ओढता येईल असा ठेवा.

दुसरं गृहीतक ब्रेलचं. मधुमेहाने किंवा काचबिंदूने साठीत दृष्टी गेलेल्या आजोबांना ब्रेल वाचता येईलच असं नाही, बहुधा येत नाही. म्हणून खेळाला अत्यावश्यक असलेली माहिती आकार, उंची आणि पोत यांतून द्या. ब्रेल जोडीला जरूर द्या, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका.

पट: पुठ्ठ्याचा आधी, एमडीएफचा नंतर

लूडोची मांडणी आधी कागदावर मोजून घ्या. पट १५ बाय १५ घरांचा. मधल्या चौकोनापासून चार दिशांना जाणारे चार पंख, प्रत्येकात १८ घरं, म्हणजे एकूण ७२. त्यांतली ५२ बाहेरच्या सामाईक वाटेवर आणि प्रत्येक रंगाची ५ आत जाणाऱ्या घरवाटेवर. एक घर ३ सेंमी धरलं तर पट ४५ सेंमीचा होतो. मांडी घालून बसलेल्या माणसाचे हात चारही कोपऱ्यांपर्यंत सहज पोचतात. याहून मोठा केला तर पलीकडच्या घरासाठी वाकावं लागतं आणि वाकताना बाही सोंगट्या पाडते.

आता खरी गोम. पंखात तीन वाटा शेजारीशेजारी असतात: एक आत जाणारी, एक बाहेर येणारी आणि मधली घरवाट. छापील पटावर रंग त्यांना वेगळं करतो. बोटाला सगळ्या रेघा सारख्याच लागल्या तर ते घरं मोजता मोजता शेजारच्या वाटेत घसरतं आणि पुढचा सगळा हिशोब चुकतो. यावर उपाय म्हणजे भिंतींच्या दोन उंची. एकाच वाटेतल्या घराघरांमधली भिंत ३ मिमी आणि दोन वाटांमधली भिंत ६ मिमी. बोट वाटेतून सरळ सरकतं, प्रत्येक घराला एक हलका उंचवटा लागतो, तो मोजत पुढे जायचं, आणि बाजूच्या उंच भिंतीमुळे वाट सुटत नाही.

हे बनवायला तीन थर लागतात. खाली सपाट तळ. त्यावर ३ मिमी एमडीएफची (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) जाळी, जिच्यात प्रत्येक घराची खिडकी कापलेली आहे. तिच्यावर आणखी ३ मिमीचा थर, ज्यात फक्त वाटांमधल्या आणि कडेच्या भिंती आहेत. भिंत ४ मिमी जाड ठेवली तर आतली मोकळी जागा २६ मिमी उरते. साइनबोर्ड बनवणाऱ्यांकडे लेझर कटिंगचं यंत्र असतं, त्यांना मापं देऊन हे करून घेता येतं.

पण त्यांच्याकडे जायची घाई करू नका. पहिला पट पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या आणि फेव्हिकॉल वापरून घरीच करा. एक थर काड्यांचा, उंच भिंतीला दोन थर. तो ओबडधोबड होईल, आणि तसाच हवा. ज्यावर पैसे खर्च झालेले नाहीत असा पट मोडून पुन्हा करायला जीवावर येत नाही, आणि तुम्हाला तो दोनतीनदा तरी मोडावा लागणार आहे.

विशेष घरांच्या खुणा करताना एक लक्षात ठेवा. सुरक्षित घराच्या तळाला पॉलिश पेपर चिकटवायचं लगेच सुचतं, पण घरात सोंगट्या बसल्या की तळ झाकला जातो आणि नेमकं हवं तेव्हा ती खूण सापडत नाही. तळाला पोत द्याच, पण शेजारच्या भिंतीवरही ३ मिमीचा अर्धा मणी बसवा. सुरक्षित घराला एक मणी, घरवाटेच्या वळणाला दोन. याहून जास्त खुणा करू नका. सगळीकडे काहीतरी टोचायला लागलं की बोटाला काहीच कळेनासं होतं.

पटाचा एक कोपरा तिरका कापून टाका, म्हणजे पट कोणत्या बाजूने ठेवलाय ते हात लागताच समजतं. खाली स्वयंपाकघरातल्या फळीवर घालतात ती न सरकणारी जाळीदार मॅट अंथरा.

सोंगट्या

चार रंग म्हणजे चार आकार. १२ मिमी व्यासाच्या सोंगटीवर बोटाला नीट ओळखू येणारे आकार मोजकेच असतात. पंचकोन आणि षटकोन यांतला फरक कळत नाही, बारीक रेघांची नक्षीही कळत नाही. मी हे चार सुचवेन: गोल डोकं, चौकोनी डोकं, वरून टोकदार आणि मधे खोल खड्डा असलेली. २६ मिमीच्या घरात अशा चार सोंगट्या दाटीवाटीने का होईना मावतात.

सोंगट्या हलू नयेत म्हणून जाळीखालचा तळ जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याचा करा आणि प्रत्येक सोंगटीच्या बुडाला लहान चकतीचं चुंबक बसवा. सगळ्या चुंबकांची एकच बाजू खाली आली पाहिजे, नाहीतर शेजारच्या सोंगट्या एकमेकींना चिकटतात आणि एक उचलली की दुसरीही सोबत येते. खुंटी आणि भोक हा बुद्धिबळातला उपाय इथे सोयीचा नाही, कारण तिथे एका घरात एकच मोहरा असतो आणि लूडोत दोन, तीन, चार सोंगट्या येतात.

सुरक्षित घरात चारपेक्षा जास्त आल्या तर? यासाठी पट वाढवत बसू नका, नियम बदला: सुरक्षित घरात जास्तीत जास्त चार, पाचवीला तिथे जाता येणार नाही. त्यामुळे डावात एक नवा पेचही तयार होतो. नियमांना हात लावायला लोक उगाच घाबरतात.

रंग मात्र काढू नका. अल्पदृष्टी खेळाडूला रंगच लागतो, आणि एका पटाभोवती बसलेल्या सगळ्यांना बोलायला एकच शब्द हवा असतो. "पिवळा" म्हणजे गोल डोकं, हे अंध खेळाडू लगेच लक्षात ठेवतो. लाल आणि हिरवा एकत्र घेऊ नका, रंगांधत्व असलेल्यांचा त्यातच गोंधळ होतो. त्याऐवजी पिवळा, पांढरा, लाल आणि गडद निळा घ्या. पट मंद काळा रंगवा आणि गडद सोंगट्यांना पांढरं कडं काढा, म्हणजे काळ्यावरही त्या उठून दिसतात. रंग चकाकणारा नको, लॅमिनेशन तर नकोच. दिव्याचा चमकारा डोळ्यांवर आला की उरलंसुरलं दिसणंही बंद होतं.

फासा आणि कवड्या

बाजारातल्या फाशाचे ठिपके खोलगट असतात. बोटाला खोलगटापेक्षा उठावाचा ठिपका लवकर कळतो, म्हणून २५ मिमीचा लाकडी ठोकळा घेऊन त्यावर अर्धे मणी चिकटवा. फासा टाकायला उभ्या कडांचा डबा ठेवा आणि तळाला फेल्ट लावा, म्हणजे फासा बाहेर उडत नाही आणि वाचताना सरकत नाही. दोन बोटांनी फाशाच्या बाजू धरायच्या आणि तिसऱ्याने वरची बाजू वाचायची, हे नव्या खेळाडूला एकदा दाखवून द्या.

कवड्या वापरू या, हे कोणाला तरी सुचतंच, आणि सुचणं बरोबर आहे. कवडी पालथी पडली की उताणी हे अंगठ्याखाली क्षणात कळतं, सारीपाटाची ही साधनं मुळातच स्पर्शाची आहेत. पण लूडोत सरळ फाशाऐवजी सहा कवड्या घेऊन 'जितक्या उताण्या तितकं दान' असं केलं तर डाव सुरूच होणार नाही. फाशावर सहा पडण्याची शक्यता सहात एक असते. सहाही कवड्या उताण्या पडायची शक्यता, कवडी दोन्ही बाजूंनी सारखीच पडते असं धरलं तरी, चौसष्टात एक. त्यातच तीन पडायची शक्यता चौसष्टात वीस. कवड्यांच्या खेळांत दुर्मीळ दानाला दहा किंवा पंचवीस अशी मोठी किंमत देतात, ती यासाठीच. म्हणून कवड्या हव्या असतील तर सोंगटी सोडायचा नियमही बदला: एकही उताणी नाही, एक उताणी, पाच किंवा सहाही उताण्या पडल्या की सोंगटी सुटते. हे धरून चौसष्टात चौदा, म्हणजे सहात एकपेक्षा थोडं सोपं होतं. साधन बदललं की अशी आकडेमोड प्रत्येक वेळी करून पाहावी लागते.

बोलण्याची भाषा ठरवा

लूडोची बाहेरची ५२ घरं बरोबर १३-१३ च्या चार पट्ट्यांत विभागतात. प्रत्येक रंगाचं सुटायचं घर म्हणजे त्या पट्ट्याचा १. मग भारतीय लूडोतलं ताऱ्याचं सुरक्षित घर नेहमी ९ वर येतं, आणि १२ वरून पुढच्या रंगाची घरवाट आत वळते. हे आकडे चारही बाजूंना सारखेच, त्यामुळे दोन डावांत पाठ होतात. "लाल, निळा सातवरून निळा अकरा" (लालची सोंगटी निळ्या पट्ट्यातल्या ७ वरून ११ वर) एवढं बोललं की प्रत्येकाच्या मनात पट तसाच हलतो.

चाल बोलणं हा नियम सगळ्यांना लागू करा, डोळस खेळाडूंनाही. आणि दुसरा नियम: आपली पाळी नसतानाही कोणीही, कधीही पटावर हात फिरवू शकतो, दुसऱ्याच्या सोंगट्यांवरूनही. 'हात का लावतोस' असं म्हणायचं नाही. तो पाहतो आहे. फक्त चाल चालू असताना दुसऱ्याने हात मागे घ्यायचा.

पत्ते असतील तर

लूडोत पत्ते नाहीत, पण तुमच्या पुढच्या खेळात असतील, म्हणून थोडक्यात. ब्रेलचा एक घटक (सहा ठिपक्यांच्या जागांचा एक संच) शेजारच्यापासून साधारण ६ मिमी आणि एक ओळ दुसरीपासून १० मिमी अंतरावर असते. खेळायचा पत्ता ६३ बाय ८८ मिमीचा. समास सोडला तर त्यावर एका ओळीत आठनऊ घटक आणि सातेक ओळी मावतात. मराठी ब्रेलमध्ये काना, मात्रा, वेलांटी यांनाही स्वतंत्र घटक लागतो, म्हणजे पूर्ण वाक्य पत्त्यावर बसवायचा विचार सोडून द्या. दोनतीन घटकांचा संकेत पत्त्यावर, सविस्तर मजकूर वेगळ्या ब्रेल वहीत किंवा फोनवर. संकेत डाव्या वरच्या कोपऱ्यात आणि उलट फिरवून उजव्या खालच्या कोपऱ्यात असावा, म्हणजे पंख्यासारखे धरलेले पत्ते अंगठ्याने वाचता येतात. मॅटेल या खेळणी कंपनीने २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अंध महासंघाबरोबर उनो या पत्त्यांच्या खेळाची ब्रेल आवृत्ती आणली. त्याआधी, २०१७ मध्ये, रंगांधांसाठी खुणा असलेला उनोही काढला होता. दोन्ही गरजा वेगळ्या आहेत आणि दोन्हींची उत्तरं एकाच पत्त्यावर मावू शकतात.

पत्ता गुप्त ठेवून वाचायचा असेल तर फोन आणि एका कानातला इअरफोन चालतो. क्यूआर कोड वापरणार असाल तर त्याभोवती उठावाची चौकट द्या, नाहीतर कॅमेरा कुठे धरायचा ते कळत नाही. एनएफसीचा (फोन जवळ नेला की माहिती देणाऱ्या चिपचा) स्टिकर त्याहून बरा, फोन नुसता टेकवावा लागतो.

नियमांचा कागद

इथे मराठीत एक खास खड्डा आहे. डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर अनेकदा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. पडद्यावर तो मराठी दिसतो, पण स्क्रीन रीडरसाठी, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, ती निरर्थक रोमन अक्षरं असतात. नियम युनिकोडमध्येच टाइप करा, आणि स्कॅन केलेल्या चित्राची पीडीएफ देऊ नका. साधी वर्ड फाइल किंवा वेबपान पुरतं. मग ते मोफत मिळणाऱ्या एनव्हीडीए या संगणकावरच्या स्क्रीन रीडरवर किंवा अँड्रॉइड फोनच्या टॉकबॅकवर ऐकून पाहा. "खालील चित्र पाहा" असं वाक्य कुठे राहिलं असेल तर ते तिथे सापडेल. त्याजागी चित्रात काय आहे ते लिहा.

छापील प्रत किमान १८ पॉइंटमध्ये. देवनागरीत अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरं ठळक केल्यावर बुजतात, म्हणून मोकळ्या वळणाचा फॉन्ट निवडा. मुंबईच्या एक टाइपने केलेला 'मुक्ता' मोफत आहे आणि चांगला वाचता येतो. ओळींमध्ये भरपूर जागा सोडा.

खेळून पाहा

डोळ्यांवर पट्टी बांधून स्वतः खेळून पाहणं म्हणजे चाचणी नव्हे. त्यातून एवढंच कळतं की आज अचानक दिसेनासं झालं तर तुम्ही किती गोंधळाल. वर्षानुवर्षं हातांनी वाचणारा माणूस वेगळ्या पद्धतीने पट पाहतो: एक हात ठरावीक जागी टेकवून दुसऱ्याने मोजणं, दोन्ही हातांनी एकदम दोन बाजू चाचपणं. त्याला काय अडतं ते तोच सांगू शकतो.

म्हणून पुठ्ठ्याच्या पटावरच अंध आणि अल्पदृष्टी खेळाडूंना बोलवा. ओळखीचं कोणी नसेल तर मुंबईत राष्ट्रीय अंध संघाकडे (नॅब) किंवा सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या दृष्टिबाधितांच्या साधन केंद्राकडे विचारा. तुमच्या गावाजवळ अंधशाळा असेल तर तिथे. त्यांच्या वेळेचं मानधन द्या. ते तुमच्यासाठी काम करत आहेत.

डाव सुरू झाला की तुम्ही गप्प बसा आणि वही उघडा. अंध खेळाडूने विचारलेला प्रत्येक प्रश्न लिहा. "तू सहाची चाल का केलीस?" हा गप्पांचा प्रश्न, तो सोडून द्या. "किती पडले?", "माझी तिसरी कुठे गेली?", "हे सुरक्षित आहे का?" हे पटाने उत्तर न दिलेले प्रश्न. प्रत्येकासमोर पटाचा कोणता भाग मुका राहिला ते लिहा: फासा, आकार, भिंत, खूण. पुढचा पट करताना सगळ्यात जास्त वेळा आलेल्या प्रश्नापासून सुरुवात करा. मदत करायची सवय असलेले डोळस खेळाडू मधेच "अरे, तुझी पिवळी तिकडे आहे" असं बोलून जातात. ते न विचारता दिलेलं उत्तरही वहीत टिपा, कारण त्याने एक प्रश्न झाकला जातो.

वहीत पटासंबंधीचे प्रश्न येईनासे झाले की मग साइनबोर्डवाल्याकडे मापं घेऊन जा. सोंगट्या करून घेताना प्रत्येक रंगाच्या चारऐवजी पाच करा. हरवलेली सोंगटी डोळस घरात शर्टाच्या बटणाने भागते, इथे आकार तोच लागतो. डब्यात प्रत्येक रंगाला वेगळा कप्पा द्या आणि कप्प्याच्या तोंडावर त्याच आकाराची खूण चिकटवा, म्हणजे पट मांडायचं आणि आवरायचं कामही ज्याचं त्याला करता येतं.